मदत हवी आहे: मोड मी जगवला, आयडी म्हणे त्याचा

झारीवाला
लवकर सांगा कुणीतरी. मूळ लेखक कधीचा गायब होता. त्याचा मसाल्यांच्या पिकांचा मोड (गेमला वरून जोडायची भर) गेमच्या नव्या आवृत्तीवर मी चालता केला, लोक वापरतायत. आता हा गृहस्थ उगवलाय आणि म्हणतो आयडी, म्हणजे मोडचं ओळखनाव, माझा आहे, सोड. बदलला तर लोकांच्या सेव्ह बोंबलतात. नाही बदलला तर कन्सोलमध्ये लाल अक्षरं, आणि दोन्ही मोड बंद. वर रिपोर्ट मारायची धमकी. काय करू?

रातकिडा
कुठला गेम?

जुना_खेळिया
गेम कुठलाही असो, भांडण जुनंच. माइनक्राफ्टमध्ये ब्लॉकना आकडे असायचे, एकूण ४०९६. दोन मोडांनी एकच आकडा धरला की झालं कल्याण. कॉन्फिग फाइलीत आकडे बदलत रात्री घालवल्यात आम्ही. २०१३ च्या १.७ पासून गेम स्वतःच आकडे वाटायला लागला, २०१८ च्या १.१३ मध्ये आकडेच गेले. तेव्हा आकडे सोडा, नावं वापरा.

झारीवाला
काका, नावंच आहेत हो. स्टारड्यू व्हॅली १.६, अजून काय असणार.

रातकिडा
आम्हाला स्वप्न पडतं का? मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे मोडच्या माहितीच्या फाइलीत, युनिकआयडी, व्हर्जन आणि अपडेटकी (नवी आवृत्ती कुठल्या पानावर शोधायची ते) काय लिहिलंय? लायसन्स कुठलं? चित्रं कुणी काढली?

झारीवाला
आयडी जुनाच, म्हणजे त्याचं नाव, टिंब, मोडचं नाव. व्हर्जन ३.०.०. अपडेटकी माझ्या पानाची. चित्रं बरीचशी त्याची. झिपमध्ये एमआयटी लायसन्स होतं. म्हणजे मोकळं रान ना?

सनदी_वकील
अर्थात. एमआयटी म्हणजे बदला, वाटा, विका. त्याची कॉपीराइटची सूचना सोबत ठेवली की विषय संपला. ओरडू दे त्याला.

रातकिडा
वकीलसाहेब, लायसन्सने फाइली मिळाल्या, त्याचं नाव लावायचा हक्क नाही मिळाला. आयडीतला पहिला शब्दच त्याचं नाव आहे. उद्या बग निघाला की लोक शिव्या कुणाला घालणार?

सनदी_वकील
आयडी म्हणजे नुसती अक्षरं. त्याच्या नावाचा सातबारा आहे का त्यावर?

रूळावरचा
आमच्या ओपनटीटीडी या गेममध्ये आहे! तिथे प्रत्येक जीआरएफला, म्हणजे मोडच्या फाइलीला, चार बाइटचा आयडी असतो. रिवाज असा की सुरुवातीला लेखकाने आपली आद्याक्षरं घालायची. बनानाजवर, म्हणजे या फाइली चढवायच्या अधिकृत जागेवर, ज्याच्या खात्यातून तो आयडी पहिल्यांदा चढला, तो त्याचा. दुसऱ्याला त्या आयडीने काही चढवताच येत नाही. स्टारड्यूवाल्यांनी असं रजिस्टर का केलं नाही, मला कळत नाही.

रातकिडा
केलं नाही, हे खरं. मग आता त्यावर रडून काय उपयोग? स्मॅपीला, म्हणजे स्टारड्यूचे मोड लोड करणाऱ्या प्रोग्रामला, मालक कोण ते कळत नाही. एका आयडीचे दोन मोड दिसले की ते दोन्ही लोड करत नाही, बस.

मुक्ता_ठाणे
माझी लेक टॅबवर खेळते हा गेम. यात हळदही लावता येते का? मोबाईलवर मोड कसे टाकायचे?

झारीवाला
हो, हा मसाल्यांचाच मोड आहे. पण ताई, मोबाईलसाठी वेगळा धागा काढा ना प्लीज.

बोरूबहाद्दर
मसाले राहू द्या, गेम मराठीत कधी आणताय? १.५.५ पासून मोड करून नवी भाषा घालता येते. जोडाक्षरांचा फॉन्ट तेवढा जमवावा लागेल. मी भाषांतर करायला तयार आहे.

रातकिडा
झारीवाले, खरी मेख ३.०.० मध्ये आहे. दुसऱ्याचा मोड तात्पुरता दुरुस्त केला तर आयडी तोच ठेवायची पद्धत आहेच. पण तेव्हा मूळ २.३.० असेल तर आपण २.३.१-अनऑफिशियल.१ आणि पुढे आपलं टोपणनाव असं लिहायचं. मग त्याची खरी २.३.१ आली की ती आपोआप वरचढ ठरते. तुम्ही थेट ३.०.० केलंत, त्यात अपडेटकी तुमची. त्याने आता काहीही काढलं तरी तुमच्या लोकांना त्याची सूचना जाणार नाही. तो चिडेल नाही तर काय?

झारीवाला
दुरुस्ती नाही हो ती. जेसन ॲसेट्स या जुन्या चौकटीतला अख्खा मोड काढून कंटेंट पॅचर या दुसऱ्या चौकटीवर नव्याने लिहिलाय मी. नवी पिकं घातली.

रातकिडा
मग तर तो तुमचा वेगळा मोड झाला, आयडीही तुमचा घ्या. सेव्हची भीती असेल तर कंटेंट पॅचरमध्ये मायग्रेटआयडीज नावाची ट्रिगर ॲक्शन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी आज्ञा) आहे. दिवस सुरू झाला की चालवायची, जुना आयडी-नवा आयडी अशा जोड्या द्यायच्या. पेटीतल्या वस्तूंची नावं बदलतात. मात्र अट घाला, मूळ मोड बसवलेला नसेल तरच. नाहीतर त्याचीही हळद तुमच्या नावावर चढेल, मग खरंच रिपोर्ट.

सनदी_वकील
म्हणजे काम याने केलं आणि माघारही यानेच घ्यायची. छान न्याय.

झारीवाला
हेच म्हणतोय मी. आणि जे माझ्याकडून त्याच्या मोडवर जातील त्यांचं काय? एकाने फोटो पाठवलाय, पेटीभर एरर आयटम. लाल वर्तुळ, तिरकी रेघ.

रातकिडा
त्याची नवी फाइल उघडून बघितलीत का?

झारीवाला
आत्ता बघितली. २.४.० आहे, तोही कंटेंट पॅचरवर आलाय. वेलदोड्याचा आयडी आमचा सारखाच. हळदीला त्याने टर्मरिक ठेवलंय, माझं हळद आहे. आणि माझी नवी पिकं त्याच्याकडे नाहीतच.

रातकिडा
मग हळदीची एक जोडी त्याला लिहून पाठवा, तो आपल्या मोडमध्ये घालेल. नवी पिकं ज्यांनी लावलीत त्यांना तुमचाच मोड ठेवावा लागेल, तसं पानावर ठळक लिहा. नवा आयडी चढेपर्यंत ३.०.० ची फाइल जुन्या फाइलींत टाका.

झारीवाला
पाठवतो. पण फाइल आज काढणार नाही, आधी त्याचं उत्तर येऊ दे.

रूळावरचा
बनानाजवर ही वेळच आली नसती.