हापूस विकणाऱ्या छोट्या साइटला स्कीमा लावून खरंच फायदा आहे का?

कलमबाग: देवगड-रत्नागिरीच्या कितीतरी बागायतदारांच्या स्वतःच्या साइट आहेत. पण गूगलवर त्यांच्या लिंकखाली ना भाव दिसतो, ना पेटी शिल्लक आहे की संपली ते. त्यासाठी पानात स्कीमा, म्हणजे गूगलला वाचता येईल अशा साच्यातली माहिती, लागतो. तो जेसन-एलडी नावाच्या कोडाचा एक तुकडा असतो: प्रॉडक्ट, नाव, फोटो, आणि ऑफरमध्ये किंमत, चलन, उपलब्धता. पहिली पेटी बाजारात जायच्या आधी हे लावून झालेलं हवं.

खाडीकाठ: मला पटत नाही. स्कीमा लावला म्हणून साइट वर चढत नाही. प्रश्नोत्तरांचा स्कीमा तर ऑगस्ट २०२३ पासून सरकारी आणि आरोग्याच्या नामांकित साइट सोडून इतरांचा गूगलवर दिसेनासा झाला, तरी तो अजून विकला जातो. त्यापेक्षा पेटीत किती फळं, किती ग्रॅमची, पेंढ्यात पिकवलेली का, हे पानावर नीट लिहा.

कलमबाग: वर चढते असं मी म्हटलंच नाही. पण दहा लिंकांत एकीखालीच भाव दिसला, तर गिऱ्हाईक आधी कुठे टिचकी मारेल?

पाचडझनी: भाव दिसत नाही त्याचं कारण अनेकदा किमतीच्या रकान्यातच सापडतं. तिथे '₹१,२००' असं भरलेलं असतं. रुपयाचं चिन्ह नको, स्वल्पविराम नको, आणि आपले देवनागरी आकडेही नकोत. तिथे इंग्रजी आकडेच लागतात. चलन वेगळ्या रकान्यात, आयएनआर (INR). दुसरी चूक म्हणजे वर्डमधून चिकटवलेली वळणदार अवतरणचिन्हं. तेवढ्याने अख्खा तुकडा बाद होतो. पाच डझनची पेटी आणि दोन डझनचा बॉक्स यांना वेगळी पानं द्या.

खाडीकाठ: आणि जूनमध्ये पाऊस लागल्यावर? पानावर 'हंगाम संपला' आणि स्कीमात 'इन स्टॉक'. पानावर एक, कोडात दुसरं, हे गूगलच्या नियमात बसत नाही. कारवाई झाली तर लिंकखालचा भाव, रेटिंगचे तारे सगळं जातं. बागेतला माणूस हे बदलत बसणार का?

कलमबाग: गूगलच्या निकालांतल्या क्रमांकावर त्या कारवाईचा परिणाम होत नाही, एवढं सांगायला हवं. बाकी मुद्दा रास्त आहे.

पाचडझनी: म्हणून हाताने लिहूच नका. वूकॉमर्स, म्हणजे वर्डप्रेसच्या साइटवर दुकान चालवणारं प्लगइन, हा तुकडा स्वतःच तयार करतं. साठा शून्य केला की तिथेही 'आउट ऑफ स्टॉक' होतं. वर हाताने दुसरा घातला की दोन भाव भांडतात. आधी पानाचा सोर्स उघडून 'ld+json' किती वेळा येतं ते मोजा.

खाडीकाठ: हे मान्य. फक्त गूगलची स्कीमा तपासणारी रिच रिझल्ट्स टेस्ट हिरवी आली म्हणजे गूगल भाव दाखवेलच, असं कुणाला सांगू नका.