अमेरिकेत घर बांधून घेताना आर्किटेक्ट लागतो का, की बिल्डरच्या प्लॅनवर भागतं?

पाणंद:
नमस्कार मंडळी. आम्ही नॉर्थ कॅरोलिनात रालेच्या बाहेर दीड एकराचा प्लॉट घेतलाय. तयार घरं बघून बघून वैताग आला, सगळीकडे तोच प्लॅन, पुढे गॅरेजचं थोबाड आणि मागे हातभर डेक, म्हणून म्हटलं बांधूनच घेऊ. प्लॉट रस्त्याकडून सपाट आहे पण मागे चांगलाच उतार, झाडं भरपूर, शहराची सांडपाण्याची सीवर लाइन नाही त्यामुळे सेप्टिक (आपल्याच प्लॉटवर सांडपाणी जिरवायची टाकी) करावं लागणार. साधारण ३००० स्क्वेअर फूट डोक्यात आहे, उताराच्या बाजूला वॉकआउट बेसमेंट (ज्यातून थेट बाहेर जमिनीवर जाता येतं असं तळघर), आणि आईबाबा येऊन राहतात म्हणून मेन लेव्हललाच एक बेडरूम आणि धड बाथरूम हवंच.

आता गोंधळ असा की दोन बिल्डरना भेटलो. पहिला म्हणतो आर्किटेक्ट कशाला, आमच्याकडे प्लॅन आहेत त्यातला एक निवडा, भिंती इकडेतिकडे करून देतो, फुकट. दुसरा म्हणतो ड्रॉइंग घेऊन या मग भाव सांगतो. एका आर्किटेक्ट बाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या बांधकाम खर्चाच्या १० टक्के. नवरा म्हणतो त्या पैशात अख्खं किचन होईल आणि वर उरतील. तर कायद्याने आर्किटेक्ट लागतो का? आणि लागत नसेल तर हे १० टक्के नेमके कशाचे?

बाराखडी:
कायद्याचं राज्यागणिक वेगळं आहे. आम्ही न्यूयॉर्क राज्यात, इथे १५०० स्क्वेअर फुटांच्या वर घर गेलं की प्लॅनवर आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरचा शिक्का हवाच, त्यामुळे आमच्यापुढे हा प्रश्नच नव्हता. कॅलिफोर्नियात लाकडी फ्रेमचं, दोन मजले आणि खाली बेसमेंट इथपर्यंतचं घर लायसन्स नसलेला माणूसही डिझाइन करू शकतो. टेक्सासमध्ये एका कुटुंबाच्या घराला आर्किटेक्टची सक्ती नाही, तुमच्या नॉर्थ कॅरोलिनातही नाही. बहुतेक राज्यांत असंच आहे. काउंटीला (म्हणजे जिल्ह्याच्या कचेरीला) परमिटसाठी कोडप्रमाणे, म्हणजे बांधकामाच्या नियमांप्रमाणे, ड्रॉइंग हवं असतं, ते काढलं कोणी याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नसतं, फक्त जिथे कोडच्या तयार तक्त्यांत न बसणारं काही असेल तिथे इंजिनिअरचा शिक्का मागतात.

आणि एक, इथे दोन टोकंच नाहीत. मध्ये रेसिडेन्शियल डिझायनर किंवा ड्राफ्टर म्हणून जमात आहे, लायसन्स्ड आर्किटेक्ट नाहीत पण आयुष्यभर घरंच काढलीत. ते टक्क्यावर नाही, बहुधा स्क्वेअर फुटावर किंवा ठरलेल्या रकमेवर काम करतात आणि बरेच स्वस्त पडतात. दुसऱ्या बिल्डरला जे ड्रॉइंग हवंय ते त्यांच्याकडूनही मिळेल.

चुना_विटा:
माझं मत वेगळं आहे, शिव्या घाला हवं तर. आम्ही डॅलसजवळ बिल्डरच्याच प्लॅनवर घर बांधलं, आर्किटेक्टला एक डॉलर दिला नाही, मजेत राहतोय. आयतं डिझाइन म्हणजे वाईट असं लोकांना का वाटतं कळत नाही, तो प्लॅन त्या बिल्डरने आधी चाळीस वेळा बांधलेला असतो, कुठे काय अडतं ते त्याच्या सुताराला झोपेत माहीत असतं. तुमच्या खास घराचा पहिला प्रयोग तुमच्याच पैशांवर होणार! शिवाय आर्किटेक्ट लोकांना स्वतःच्या वेबसाइटसाठी फोटो हवे असतात, मग डबल हाइट लिव्हिंग रूम काढतात आणि ती गरम करायचं बिल तुम्ही भरा. आम्ही फक्त बाहेरचा एक इन्स्पेक्टर लावला, तीन वेळा बोलावला, फाउंडेशन ओतायच्या आधी, ड्रायवॉल (आतल्या भिंतींचे जिप्समचे बोर्ड) लावायच्या आधी आणि ताबा घ्यायच्या आधी. बास.

तुळई:
चुना_विटा, तुमचा प्लॉट डॅलसचा, म्हणजे पोळपाटासारखा सपाट. तिथे तुम्ही म्हणता ते बरोबरच आहे. पाणंद ताईंचा उतार आहे, सगळा फरक तिथे पडतो.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, आर्किटेक्ट नाही, त्यामुळे कोणाची बाजू घेऊन मला काही मिळत नाही. पण असे 'प्लॅन तयार आहे, फक्त जरा उतारावर बसवायचाय' वाले लोक दर महिन्याला माझ्याकडे येतात. सपाट जागेसाठी काढलेला प्लॅन उतारावर ठेवला की पुढचं दार जमिनीला लागतं आणि मागचं दार हवेत जातं. मग एक तर मागे अचानक बारा-चौदा पायऱ्या येतात, नाहीतर बिल्डर भराव टाकून जमीन वर आणतो, आणि डेकचे खांब त्या भरावावर उभे करतो. भरावाची माती नीट थराथराने दाबली नसेल तर ती बसते आणि डेक घरापासून सुटायला लागतो. त्याला रिटेनिंग वॉल हा उपाय आहे, पण साधारण ४ फुटांपेक्षा जास्त माती अडवणारी भिंत असेल तर ती इंजिनिअरकडून डिझाइन करून घ्यावी लागते, आणि बिल्डरच्या 'फुकट' प्लॅनच्या भावात ती भिंत नसतेच, ती पुढे चेंज ऑर्डर म्हणजे वाढीव काम आणि वाढीव बिल म्हणून येते. उताराचा फायदा घेऊन घर पायरीपायरीने बसवायचं हे डिझाइनचं काम आहे. मी बीम किती इंचांचा ते सांगीन, जिना कुठे असावा हे सांगणं माझं काम नाही.

मागच्या वर्षी बघितलेलं एक उदाहरण देतो. घर छान, फॅमिली रूमला ९ फुटी सीलिंग ठरलेलं, वरच्या मजल्याखाली फ्लोअर ट्रस, म्हणजे मजला पेलणाऱ्या लाकडी जाळीच्या तुळया. ट्रस फॅक्टरीतून बनून आले, उभे राहिले, आणि मग एसीवाला आला. त्याचा मुख्य डक्ट (हवा नेणारा पत्र्याचा बोगदा) ट्रसच्या जाळीतून जाईना, कारण ट्रसची ऑर्डर देताना डक्टचं माप कोणी कळवलंच नव्हतं. ट्रस कापता येत नाही, ट्रसच्या ड्रॉइंगवर इंजिनिअरचा शिक्का असतो, एक काठी जरी कापली तरी दुरुस्तीचं नवीन डिझाइन लागतं. शेवटी डक्ट खालून नेला आणि खोलीच्या बरोब्बर मधोमध भिंतीपासून भिंतीपर्यंत १४ इंचांचं खोकं लोंबतंय. काउंटी इन्स्पेक्टरने पास केलं, कारण कोडमध्ये खोली कुरूप दिसू नये असं कलम नाही. कोड ही किमान पातळी आहे, त्याच्या वरचं सगळं बघायला कोणीतरी लागतं आणि त्या घरात ते कोणीतरी नव्हतं.

१० टक्क्यांचं म्हणाल तर ते एकगठ्ठा द्यावेत असं कुठे लिहिलंय? एआयए या अमेरिकन आर्किटेक्टांच्या संस्थेचा बी१०१ म्हणून आर्किटेक्टचा करारनामा आहे, त्यात कामाचे पाच टप्पे असतात. स्केमॅटिक डिझाइन, मग डिझाइन डेव्हलपमेंट, मग बांधकामाची ड्रॉइंग, मग बिल्डर निवडणं, आणि शेवटी बांधकाम चालू असताना देखरेख. पहिल्या टप्प्यापुरता आर्किटेक्ट घ्या, तासावर पैसे द्या, प्लॉटवर घर कसं बसवायचं, ऊन कुठून, गाडी कुठून, आईबाबांची खोली कुठे एवढं ठरवून घ्या. पुढची ड्रॉइंग ड्राफ्टर काढेल. आणि परवडलं तर शेवटच्या टप्प्यात काही भेटी विकत घ्या. मधलं ड्राफ्टरकडे सोपवणार हे मात्र त्यांना आधीच सांगा, काहींना चालत नाही.

फक्त देखरेख म्हणजे मुकादमी नाही हे ध्यानात असू दे. आर्किटेक्ट रोज साइटवर उभा राहत नाही आणि सुताराने खिळा कसा ठोकावा ते सांगत नाही, ड्रॉइंगप्रमाणे चाललंय का आणि बिल्डर जेवढे पैसे मागतोय तेवढं काम झालंय का हे बघतो. बँकेचाही माणूस येतो कन्स्ट्रक्शन लोनचा हप्ता सोडायला, पण तो काम किती टक्के झालं तेवढंच बघून जातो, कसं झालं ते नाही.

हिवाळी:
जर्मनीतून लिहितेय, तुमच्या कामाचं नाही पण गंमत म्हणून वाचा. इथे बाउअनट्राग म्हणजे परमिटचा अर्ज घरमालकाने नुसता भरून चालत नाही, ज्याला तो अधिकार आहे अशा आर्किटेक्टची किंवा इंजिनिअरची सही लागते. पण फेर्टिगहाउस (कारखान्यात तयार भाग बनवून आणून उभारलेलं घर) कंपनीकडून घर घेतलं तर सही करणारा माणूस कंपनीचाच असतो. म्हणजे आर्किटेक्ट आहे, पण आपला नाही, बिल्डरचा पगारी. म्हणून आमच्यासारखे लोक वेगळा स्वतंत्र तज्ज्ञ नेमतात तपासायला. इथे आर्किटेक्टचं काम नऊ टप्प्यांत मोजतात, त्यातला आठवा साइटवरच्या देखरेखीचा आणि एकट्या त्यालाच सगळ्यात मोठा वाटा, जवळजवळ एक तृतीयांश फी.

फ्रान्समध्ये माझी बहीण आहे, तिथे नवीन घर १५० चौरस मीटरच्या वर गेलं तर आर्किटेक्ट सक्तीचा, म्हणून लोक १४९ चं घर बांधतात!

बाराखडी:
१४९ भारी आहे :) न्यूयॉर्कात १४९९ वाले नक्की असणार.

तुळई म्हणतात त्यात ॲलावन्सचं जोडते. बिल्डरचा भाव आला की त्यात टाइल, कॅबिनेट, लाइट, नळ यांच्यापुढे फक्त अंदाजी रकमा, म्हणजे ॲलावन्स, लिहिलेल्या असतात, त्या असतात अगदी कमीतल्या, आणि तुम्ही शोरूममध्ये गेलात की आवडलेली प्रत्येक वस्तू त्याच्या वर जाते आणि फरक तुमच्या खिशातून. दोन बिल्डरचे भाव तुलना करायला गेलात तर एकाने नळाला जास्त धरलेत, दुसऱ्याने खिडक्यांना कमी, तुलना होणार कशी. आमच्या आर्किटेक्टने खिडक्यांचा, दारांचा, फिनिशचा तक्ता आधीच करून तिघांना तोच दिला, मग कळलं की सगळ्यात स्वस्त वाटणारा खरं तर मधला होता. मला विचाराल तर फी तिथेच वसूल झाली. आणि प्रत्येक हप्ता देताना सबकॉन्ट्रॅक्टर लोकांचे लीन वेव्हर (पैसे मिळाले, घरावर हक्क सांगणार नाही असं लिहून दिलेलं) मागा, नाहीतर बिल्डरने प्लंबरचे पैसे बुडवले तर प्लंबर तुमच्या घरावर बोजा चढवतो, काही राज्यांत तर तुम्ही बिल्डरला सगळं चुकतं केलेलं असलं तरी.

पाणंद:
बापरे, किती लिहिलंत सगळ्यांनी, आभार. नवऱ्याला १४ इंचांचं खोकं वाचून दाखवलं, गप्प बसला. अजून एक. पहिल्या बिल्डरने प्लॅनची पीडीएफ पाठवलीय, आम्हाला आवडलीय पण. ती ड्राफ्टरला देऊन थोडी बदलून दुसऱ्या बिल्डरकडे नेली तर?

तुळई:
नका नेऊ. १९९० पासून इथे इमारतीच्या डिझाइनला कॉपीराइट आहे, नुसत्या कागदाला नाही, बांधलेल्या घराच्या रचनेलाही. भिंत दोन फूट सरकवून सुटका होत नाही. फुकट प्लॅनचं 'फुकट' त्यातच आहे, तो प्लॅन त्याच बिल्डरबरोबर बांधायचा असतो, भाव आवडला नाही तरी उठून जाता येत नाही. ऑनलाइन स्टॉक प्लॅन (तयार विकायला ठेवलेला प्लॅन) विकत घेतलात तर तो कोणत्याही बिल्डरकडे नेता येतो, पण बदल करायची आणि किती वेळा बांधायची परवानगी लायसन्समध्ये काय लिहिलीय ते वाचा. आर्किटेक्टशी करार करतानाही तेच, मध्येच वेगळे झालात तर ड्रॉइंग वापरता येतील का ते आधीच लिहून घ्या, नाहीतर पैसे भरूनही कागद त्यांचेच.

आणि हे सगळं नंतर. आधी काउंटीकडून सेप्टिकसाठी मातीची तपासणी करून घ्या. तुमच्याकडे लाल चिकणमाती, सगळीकडे पाणी मुरत नाही. ड्रेन फील्ड (टाकीतलं पाणी जमिनीत मुरवायची जागा) कुठे बसेल त्यावर घर कुठे बसेल ते ठरतं, आणि सेप्टिकचं परमिट बेडरूमच्या संख्येवर मिळतं, स्क्वेअर फुटांवर नाही. चारचं परमिट मिळालं तर आर्किटेक्ट कितीही मोठा असला तरी पाचवी बेडरूम काढू शकत नाही. आधी डिझाइन आणि मग माती असं केलं तर डिझाइनचे पैसे दोनदा.

चुना_विटा:
हे मात्र शंभर टक्के. आणि उतार असेल तर मलाही पहिल्या टप्प्यापुरता आर्किटेक्ट पटतोय, उगाच भांडत नाही. डबल हाइट तेवढी नको म्हणा.

पाणंद:
काउंटीचा अर्ज सापडला. सुरुवातीलाच बेडरूम किती ते विचारलंय. मी पाच म्हणतेय, नवरा चार, आणि आई फोनवर म्हणतेय आमच्यासाठी म्हणून वाढवू नका. सध्या पाच टाकून देते, माती काय म्हणते बघू.