सायकलचे घरगुती जुगाड: टिकलेले आणि फसलेले, दोन्ही सांगा

डिचोलीकर

मे महिन्यात मांगर साफ करताना पप्पांची जुनी काळी सायकल सापडली. २४ इंची फ्रेम, दांड्यांचे ब्रेक, आणि मागे तो लोखंडी कॅरिअर ज्याच्यावर बसून आम्ही भावंडं पाळीपाळीने शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात जाऊन आलोय. भंगारात द्यायचं जवळजवळ ठरलं होतं, पण सीटखाली हात घातला तर स्प्रिंगला ट्यूबच्या पट्टीने एक पुडकं बांधलेलं, सोडलं तर आत दोन तोंडांचा एक स्पॅनर, काचपेपरचा तुकडा, चिंधीत गुंडाळलेली वॉलट्यूब, म्हणजे हवेच्या वॉलवर चढवतात ती बारीक रबरी नळी. वॉलट्यूब हातात घेतली तर तिचा भुगाच झाला, बाकी सगळं शाबूत. मग कसली देतोय भंगारात.

आता रोज सकाळी काढतो. आणि काढतोय म्हणजे रोज काही ना काही निघतं, मडगार्ड खडखडतं त्याला चपलेच्या रबराचा वायसर कापून घातला, पावसात सीटला हॉटेलात मिळते ती आंघोळीची टोपी घालतो (फुकट, आणि इलास्टिक असल्यामुळे वाऱ्याने उडत नाही), छत्रीसाठी हँडलला पीव्हीसी पाईपचा तुकडा क्लिपने बसवला होता तो मात्र पहिल्याच वाऱ्यात फसला, छत्री उलटी झाली आणि सायकल मला घेऊन गटाराकडे निघाली. छत्रीच्या नादी लागू नका, रेनकोट घाला.

तुम्ही काय काय केलंय ते लिहा. आणि एक अडचण आहे, मागच्या टायरला बाजूने दीड इंचाची चीर गेलीय, हवा भरली की ट्यूब बेडकाच्या गळ्यासारखी बाहेर येते. २८ इंची टायर दुकानदार मागवतोय, तीन आठवडे ‘फाल्यां’, म्हणजे उद्या, चाललंय. तोवर काय करू?

पर्वरीवाला

टायरचं दुसरं कोणीतरी सांगेल, मी ब्रेकचं सांगतो. ५ जुलै १९८६ ला मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला तेव्हा मी शाळेत होतो. पप्पा पणजीला कामाला. पूल गेल्यावर बेती ते पणजी फेरीबोट हाच आधार, आणि तिला काय गर्दी ती विचारू नका. पप्पा सायकल घेऊन फेरीत चढायचे. फेरीच्या पत्र्यावर पाणी, डिझेल, कोणाच्या तरी टोपलीतून गळलेलं मासळीचं पाणी, त्यात बोट धक्क्याला टेकताना दणका बसायचा आणि स्टँडवरच्या सायकली पत्त्यांसारख्या एकावर एक. पप्पांनी जुन्या ट्यूबची बोटभर रुंदीची एक कडी कापली, ती कायम हँडलच्या मुठीवर असायची. फेरीत शिरलं की ब्रेक दाबायचा आणि कडी सरकवून मूठ आणि ब्रेक दोन्हीवर चढवायची. झाला हँडब्रेक. उतरताना कडी मागे.

आज माझ्या गिअरच्या सायकलला पण तेच आहे, रायबंदर-चोडण फेरीत वापरतो. आता मोठी रो-रो आलीय तरी कडी आहेच. फक्त एक सांगतो, सायकल घरी उभी करताना कडी काढून ठेवा, रात्रभर केबल ताणून ठेवायची गरज नाही.

फोंड्याची

आम्ही मुली ओढणीवाल्या. अकरावीत ओढणी चाकात गेली आणि भर बाजारात मी रस्त्यावर. लागलं कमी, हसले जास्त. घरी आल्यावर दादाने फाटक्या मासेमारीच्या जाळ्याचा नायलॉनचा तुकडा घेतला, मडगार्डच्या कडेला गरम सळीने भोकं पाडली (मडगार्ड प्लास्टिकचा होता), आणि जाळं तिथून ते चाकाच्या मधल्या नटाजवळ येणाऱ्या मडगार्डच्या तारेपर्यंत पंख्यासारखं ताणून बांधलं, दोन्ही बाजूंनी. बारा वर्षं ती सायकल चालली, आधी मी मग धाकटी मग मामेबहीण, जाळं एकदाच बदललं. वास मात्र पहिला आठवडाभर असा होता की मांजरं मागे यायची.

तालमीवाला

आमच्या गावात जत्रेच्या नाटकाच्या तालमी रात्री एक वाजेपर्यंत. परत येताना उजेड म्हणजे हँडलला ट्यूबच्या पट्टीने बांधलेली दोन सेलची बॅटरी. नंतर डायनमो आला, ६ व्होल्ट ३ वॅटचा, पण पावसात ओल्या टायरवर त्याचा भोवरा नुसता घसरायचा, उजेड येतो जातो येतो जातो. त्यावर उपाय बारीक ट्यूबचा इंचभर तुकडा कापून भोवऱ्यावर टोपीसारखा चढवायचा. पकड येते. पायडल थोडं जड लागतं पण राजाचं काम करणाऱ्याला कसलं जड वाटतंय, मुकुट कॅरिअरला बांधलेला असायचा.

आल्तिन्याच्या उतारावरून

फसलेला पण लिहा म्हणालात म्हणून. ब्रेकचे रबर झिजले होते, दुकान बंद, मी हुशारीने हवाई चपलेचा तळवा कापून त्या आकाराचे तुकडे ब्रेकमध्ये बसवले. सुक्या रस्त्यावर झकास, अगदी मऊ लागायचे, मी दोघातिघांना शिकवलं पण. मग जून. आल्तिन्यावरून पणजीत खाली येताना पाऊस सुरू झाला आणि ब्रेक दाबला तर काहीच नाही, नुसता साबण. लोखंडी रिम ओली झाली की आधीच ब्रेक कमी लागतो, त्यात चपलेचं ते फोमसारखं रबर. शेवटी एका बंगल्याच्या मेंदीच्या कुंपणात शिरलो. मालकीणबाईंनी आधी मेंदी बघितली, मग मला.

ब्रेकला जुगाड करू नका, बाकी सगळीकडे करा. आणि पावसात उतार यायच्या आधीच ब्रेक हलका हलका लावत राहा, रिमवरचं पाणी पुसलं जातं.

भोंपूप्रेमी

आमच्या वाड्यावरचा पोदेर, म्हणजे पाववाला, बघून मी शिकलो. त्याच्या सायकलवर वेताचं गोल टोपलं, ते कॅरिअरवर घसरू नये म्हणून खाली जुना टायर दोन वेढे करून बांधलेला, टोपल्याचं बूड त्यात बरोब्बर बसतं. वर गोणपाट, त्यावर निळं प्लास्टिक, आत पोई, उंडे, काकणं असे सगळे पाव. पण खरी गंमत त्याचा भोंपू. रबरी फुगा उन्हाने तडकतो, नवीन आणला तरी वर्षभरात तडकतोच, तर हा बाबा तडकलेली जागा काचपेपरने घासतो, सोल्युशन लावतो, थोडं सुकू देतो आणि पंक्चरचा पॅच मारतो, ट्यूबला मारतात तस्सा. आणि आवाज बसला असेल तर पुढचं नळकांडं काढून आतली पितळी पाती ब्लेडच्या टोकाने हळूच उचलतो, खारी हवा लागून तिथे हिरवट साका बसलेला असतो. एकदा पाती जास्त वाकली तर दोन दिवस पों पों ऐवजी म्हशीच्या रेडकाचा आवाज येत होता. आई म्हणाली पाव आला की गोठ्यातून कोणी सुटलं.

साखळीकर

चेनला खोबरेल घालणाऱ्यांनो, थांबा. मी पण घालायचो, घरात डबा भरलेला असतो ना. इकडे खाणी जोरात असताना रस्त्यावर लाल धूळ किती होती ते इथल्यांना माहीत आहे, ती खोबरेलावर चिकटून चेनला जो लाल चिखल व्हायचा तो म्हणजे काचपेपरच. फ्रीव्हीलचे दात शार्क माशासारखे टोकदार झाले. २०१२ ला खाणी बंद पडल्यावर धूळ कमी झाली, तरी मी खोबरेलाकडे गेलो नाही. शिलाई मशीनचं तेल, कडीकडीवर एकेक थेंब, दहा मिनिटांनी फडक्याने बाहेरचं सगळं पुसून काढायचं. आत राहिलं तेवढंच कामाचं.

फोंड्याची

@साखळीकर आमच्याकडे खोबरेलच घालतात आणि चालतात बरं सायकली 😀

साखळीकर

चालतात हो, चढावर कशा कुरकुरतात ते ऐका.

माडाचं व्हिनेगर

हँडलच्या चकचकीत भागावर गंजाचे ठिपके आले असतील तर चांदीचा कागद म्हणजे जेवण गुंडाळतात तो, चुरगळून व्हिनेगरमध्ये बुडवून घासा. बाजारातलं नको, घरात सोरपोतेलसाठी (डुकराच्या मटणासाठी) ठेवलेलं माडाचं चालतं. नंतर पाण्याने धुवून पुसून तेलाचा हात. रंगावर घासू नका.

दोन पोरांचा बाप

पुढच्या नळीवर लाकडी सीट करून पोरांना बसवतात ते सगळ्यांनी बघितलंय. मी पण केली, फळीवर जुन्या गादीचा कापूस, वर रेक्झीन, खाली दोन क्लॅम्प. सीट उत्तम झाली. पाय ठेवायला काही केलं नाही, इथे चुकलो. थोरल्याला झोप लागली, पाय लोंबला, टाच पुढच्या चाकाच्या तारांत गेली. टाके पडले. ते रडणं मला अजून ऐकू येतं. त्यानंतर धाकट्यासाठी दोन्ही बाजूंना पायठेवणी, पायाला पट्टा, आणि चाकाला फोंड्याच्या बाईंनी सांगितलंय तसं जाळं, फक्त मी कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी वापरली आणि तिच्या तारांची टोकं आत वळवली. सीट करणार असाल तर आधी पाय कुठे राहणार ते करा, सीट मागाहून.

खाजनातला

बांधावरून जाताना पंक्चर, पंप आहे, पॅच नाही, दुकान चार किलोमीटरवर. भोकाच्या जागी ट्यूब मुरडून तिथेच सुतळीने करकचून बांधली, म्हणजे भोक गाठीच्या आत. हवा थोडी कमी भरली. चाक प्रत्येक फेऱ्याला उडी मारायचं पण पोचलो. दुसऱ्या वेळी पंप पण नव्हता तेव्हा टायरमध्ये भाताचं तण (पेंढा) ठासून भरलं, तेही चालतं पण खूप भरावं लागतं, तुम्हाला वाटतं त्याच्या तिप्पट. शेवटी टायरच्या कडेतून तण बाहेर यायला लागलं, गुरं वळून बघत होती.

गेटर

@डिचोलीकर, तुमचं सोपं आहे, सायकलवाले याला गेटर म्हणतात. जुन्या टायरचा पाच-सहा इंच तुकडा घ्या, दोन्ही कडांची तार असलेला भाग कापून टाका. आता महत्त्वाचं, तुकड्याच्या चारही कडा धारदार सुरीने तिरप्या तासून कागदाएवढ्या पातळ करा, नाहीतर तीच कड आठवड्यात ट्यूबला नवीन भोक पाडते. टाल्कम पावडर लावून टायर आणि ट्यूबच्या मध्ये, चीर बरोब्बर मधोमध येईल अशी ठेवा. आधी थोडी हवा भरून बोटाने चाचपून बघा सरकला नाही ना, मग पूर्ण भरा. टायर मिळत नसेल तर ज्यूसच्या खोक्याचा पुठ्ठा दुहेरी करून घाला, दोन दिवस निभतं. पुढच्या चाकाला असली चीर असती तर मी गेटर सांगितला नसता, पुढचं फुटलं तर तोंडावरच पडतो माणूस.

आणि वॉलट्यूब नवीन घालताना थुंकी लावून चढवा, तेल लावू नका, रबर फुगतं. हवा भरली की वॉलच्या तोंडावर परत थुंकीचा थेंब, बुडबुडा आला नाही तर झालं.

डिचोलीकर

घातला. कडा तासायला रविवारची सकाळ गेली, पहिला तुकडा फुकट, दुसरा जमला. ज्यूसचं खोकं आमच्याकडे नव्हतं, दुधाची पिशवी होती तिचं नावही घेऊ नका. आज चार दिवस झाले, नार्व्यापर्यंत जाऊन आलो, फुगा नाही. फक्त तिथे टायर जरा उंच झालाय म्हणून चाक फिरताना टप... टप... टप असं ऐकू येतं. दुकानदाराचा कालच फोन आला, टायर आलाय म्हणे. बायको म्हणते एवढ्यात बदलू नका, तुम्ही वळणावर आलात की कळतं, चहा ठेवायला बरं पडतं.