गाडी महापालिकेची, पाना कोणाचा?

सातरस्तेकर:
परवा चहाच्या गाडीवर वाद पेटला, तो इथं आणतोय. मित्राचं म्हणणं, आपल्या सोलापूर महापालिकेनं घंटागाड्या, टँकर, गटारं साफ करणारी जेटिंग मशीन, शाळा, मंड्या सगळ्यांची देखभाल मक्त्यानं देऊन मोकळं व्हावं. माझं उलटं. स्वतःची कार्यशाळा आणि पगारावरचे फिटर हवेतच. केंद्राच्या जेएनएनयूआरएम या शहरविकासाच्या योजनेतून आपल्याकडं सिटी बस आल्या, चासीला म्हणजे खालच्या सांगाड्याला तडे गेले आणि गाड्या डेपोत उभ्या राहिल्या, हे सगळ्या गावानं बघितलंय. गाडी घ्यायला योजनेचा पैसा येतो, नारळ फुटतो, फोटो निघतात. तिसऱ्या वर्षी क्लच प्लेट टाकायची वेळ आली की हात आपल्याच तिजोरीत. बोला.

चिंचोळीचा ट्रान्सपोर्टवाला:
मालक, उदाहरणच चुकलं. चासी तडकल्यावर तुमचा फिटर काय वेल्डिंग मारणार होता? तिथं कागदावरची वॉरंटी कामाला येते, पाना नाही. माझ्या नऊ गाड्या आहेत, गॅरेज एकही नाही. ब्रेक लायनर झिजले की सकाळी बाहेर टाकतो, संध्याकाळी गाडी रस्त्यावर. सरकारी पद्धतीत मागणीपत्र, तीन कोटेशन, टिपणी, लेखा विभागाची सही... तोवर गाडीखाली कुत्री पिल्लं घालतात. केंद्राच्या पीएम ई-बस सेवा योजनेतही ठेकेदारानंच बस आणायची, चालवायची, सांभाळायची आणि किलोमीटरमागं पैसे घ्यायचे. म्हणजे केंद्रालाही हेच पटलंय.

हद्दवाढवाला:
किलोमीटरमागं पैसे म्हणजे बस जुळे सोलापुरात रिकामी पळवली तरी मीटर चालूच की बे!

ग्रीस मामा:
२६ वर्षं पाना धरलाय म्हणून बोलतो. दोघंबी किलोमीटरच धरून बसलाव. घंटागाडी गल्लीबोळात पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगते, थांबते, परत रांगते. मीटर म्हणतो सर्व्हिसिंगला अजून वेळ आहे, आणि ऑइल केव्हाच काळं झालेलं असतं. जेटिंग मशीन तर एका चेंबरवर तासन्‌तास उभी. इंजिन पंप फिरवतंय आणि किलोमीटर शून्य! जेसीबीला जसं तासावर ऑइल बदलतो तसं हिलाही बदलायला पाहिजे. इंजिनाचे तास मोजणारा अवरमीटर काही सोन्याचा नसतो.

दुसरं, ओल्या कचऱ्याचं पाणी. ते डब्याच्या तळाचा पत्रा खातं. रोज शेवटची फेरी झाली की नळी मारून डबा धुतला तर पत्रा वाचतो. पण ज्या गावात नळाला रोज पाणी येत नाही तिथं गाडी धुताना दिसलात की लोक अंगावर येतात. (बोअरचं वापरा की!) आणि आपल्या ४३-४४ अंशांच्या उन्हात कूलंटऐवजी साधं पाणी ओतणारा ड्रायव्हर कायम असो की मक्त्याचा, इंजिनाचं हेड गॅस्केट जाणार म्हणजे जाणारच.

चुना-विटा:
गाड्यांपुढं चर्चा सरकेना. इमारतींचं कोण बोलणार? आपल्या महापालिकेची इंद्रभुवन ही इमारत अप्पासाहेब वारदांनी बांधलेली, शंभरी ओलांडलेली. अशा जुन्या दगडी कामाच्या सांध्यात सिमेंट भरलं की भिंतीतली ओल आत कोंडते आणि दगडाचे पापुद्रे सुटायला लागतात. तिथं चुनाच हवा. चुन्याचं काम जाणणारा गवंडी सर्वांत कमी दराच्या निविदेत सापडत नाही. भिंतीत उगवलेल्या पिंपळाचंही तेच. वरून छाटतात, मूळ फटीत राहतं, पुढच्या पावसाळ्यात फांद्या दुप्पट.

आणि शाळांच्या गच्च्या! वर्षाला ५५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारं आपलं गाव. इथं बहुतेक स्लॅब पावसानं गळत नाहीत, तुंबलेल्या पन्हाळीनं गळतात. मे संपायच्या आत एक माणूस, एक शिडी, एक झाडू पुरतो. त्याची निविदा निघत नाही. निघते ती वॉटरप्रूफिंगची, सळई गंजून पोपडे पडल्यावर. ३० वर्षं झालेल्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, मालकानं करून घ्यावं, असं महापालिका कायदाच सांगतो. खासगी मालकाला नोटीस देणाऱ्यानं आपल्या गच्चीवरही चढावं. इमारतींपुरता मी सातरस्तेकरांच्या बाजूनं. गाड्यांतलं मला कळत नाही.

निवृत्त स्टोअरकीपर:
सातरस्तेकर, हुरळून जाऊ नका. मी एका दुसऱ्या गावच्या पालिकेत स्टोअर सांभाळलं. कार्यशाळा होती, फिटर होते. एकाच टँकरला वर्षात तीन बॅटऱ्या लागल्या, जुन्या तीन कुठं गेल्या कुणाला माहीत नाही. मी नियम केला, जुना पार्ट जमा केल्याशिवाय नवा मिळणार नाही. चौथ्या महिन्यात माझी बदली झाली, जन्म-मृत्यू नोंदणीत.

चिंचोळीचा ट्रान्सपोर्टवाला:
म्हणून तर म्हणतो, मक्ता द्या.

निवृत्त स्टोअरकीपर:
देऊ की. मक्तेदारानं क्लचची नवी प्रेशर प्लेट टाकल्याचं बिल लावलं तर ती खरंच टाकली का, हे गाडीखाली जाऊन कोण बघणार? तो माणूस तर पगारावरचाच लागेल ना?

सातरस्तेकर:
चासीचं उदाहरण मागं घेतो, ते खरेदीचं प्रकरण होतं. पण मामांचं ऑइल आणि चुना-विटांची पन्हाळ, ही रोजची कामं बाहेर देऊन होत नाहीत. इंजिन, हायड्रॉलिक जाऊ दे बाहेर. तेही वय बघून. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुढं वाढत नाही आणि त्यात महापालिकाही आल्या. मग चौदाव्या वर्षी इंजिन उतरवून ओव्हरहॉल कशाला? निर्लेखनाचा, म्हणजे गाडी भंगारात काढायचा कागद तेव्हाच हलवा. ट्रान्सपोर्टवाले, एक सांगा, तुमच्या नऊ गाड्यांचा हिशेब कोण ठेवतं?

चिंचोळीचा ट्रान्सपोर्टवाला:
बायको. शंभर पानी वही. प्रत्येक गाडीची वेगळी, टायरच्या नंबरासकट.

ग्रीस मामा:
मग वहिनींनाच घ्या की महापालिकेत!

चिंचोळीचा ट्रान्सपोर्टवाला:
आत्ताच विचारलं. म्हणाली, वही संपली की नव्या वहीला तीन कोटेशन कोण मागवत बसणार.