बाबा दिवसभर घरात एकटे असतात, कांदिवलीत ज्येष्ठांसाठी काय आहे?

परळची_लेक:
नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. माझे बाबा ७२ वर्षांचे, बेस्टमध्ये कंडक्टर होते, सगळं आयुष्य परळच्या चाळीत गेलं. आई गेल्यावर मी त्यांना कांदिवलीला आमच्याकडे आणलं. घर चांगलंय, हवा येते, पण चौदावा मजला आणि आम्ही दोघं सकाळी आठला बाहेर पडतो ते रात्री साडेआठलाच घरी. परवा मी लवकर आले तर बाबा टेबलावर सुट्टे पैसे घेऊन बसलेले, रुपयाचे, दोनाचे, पाचाचे वेगवेगळे ढीग लावायचे, मोजायचे, परत एकत्र करायचे आणि परत लावायचे. मला बघून पटकन डब्यात भरले. मला रडूच आलं हो. चाळीत दार उघडंच असायचं, येणारा जाणारा दोन मिनिटं टेकायचा, इथे शेजारच्यांचं आडनावपण माहीत नाही. एका डे केअरला फोन केला तर म्हणे फॉर्म ऑनलाइनच भरा, भरून दोन महिने झाले, काही उत्तर नाही. गुडघे दुखतात आणि शुगर आहे, बाकी तब्येत ठीक. वृद्धाश्रम प्लीज सुचवू नका.

मुलुंडचे_आजोबा:
पोरी, मी ७६ चा, म्हणून अनुभवाचं सांगतो. तुमच्या भागात ज्येष्ठ नागरिक संघ असणारच. मोबाइलवर शोधत बसू नकोस, आमच्या संघाचं नाव तिथे नाहीच. सकाळी सातला जवळच्या गार्डनमध्ये जा, म्हाताऱ्यांचा घोळका बसलेला दिसेल, तिथे विचार. राज्यातले बरेच संघ फेस्कॉम या महासंघाशी जोडलेले आहेत. आमच्याकडे वाढदिवस, व्याख्यानं, सहली, १ ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिक दिन असं चालू असतं. पण बाबांना नुसतं "जा" म्हणू नकोस. ही गेल्यावर मी तीनदा गेटपर्यंत जाऊन परत आलो होतो, सगळे एकमेकांना ओळखतात, आपण कुठे टेकायचं कळत नाही. चौथ्यांदा सून सोबत आली, अर्धा तास बसली, तेव्हा जमलं. आणि त्या दिवशी त्यांनी माझ्या हातात हजेरीची वही दिली, म्हणाले अक्षर चांगलंय तुमचं. ती वही नसती तर मी दुसऱ्या दिवशी गेलोच नसतो. तुझे बाबा तर कंडक्टर, सहलीची वर्गणी गोळा करायला असा माणूस मिळाला तर कुठलाही संघ हात जोडेल. एसटीला ६५ ते ७५ अर्धं तिकीट आणि ७५ नंतर फुकट आहे, त्यामुळे आमच्या सहली एसटीनेच जातात.

सायली_घाटकोपर:
काकांचं पटलं. माझ्याकडून थोडं कामाचं. १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन, सकाळी ८ ते रात्री ८, फुकट आहे, बाबांनी स्वतः फोन केला तरी बोलतात. पोलीस ठाण्यात एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची नोंद होते, बाबा दिवसभर एकटे असतात तर तिथेही विचारून ठेवा. ७० च्या पुढे आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार, उत्पन्नाची अट नाही, आधार घेऊन जा आणि काढूनच टाका. डिग्निटी फाउंडेशन, हेल्पएज या संस्थांनाही विचारा. ठाकूरद्वारला हार्मनी या संस्थेचं ज्येष्ठांसाठी केंद्र आहे पण कांदिवलीहून रोज झेपायचं नाही.

आईचा_मुलगा_दादर:
एक गोष्ट कोणी बोलत नाही, बाथरूम. आमची आई विरंगुळा केंद्रात चार दिवस गेली आणि मग रोज काहीतरी कारण, मला वाटलं कंटाळा आला. शेवटी बहिणीला म्हणाली की तिथे संडास भारतीय पद्धतीचा, खाली बसलं की उठता येत नाही आणि कडीही लागत नाही, म्हणून ती सकाळपासून पाणीच प्यायची नाही. शुगर आहे म्हटलंत म्हणून सांगतोय, पाणी कमी पिणं त्यांना परवडणार नाही. कुठेही पाठवायच्या आधी स्वतः आत जाऊन बघून या.

परळची_लेक:
सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी बाबांना घेऊन गार्डनमध्ये गेले, खरंच आठ-दहा जण होते. एका आजोबांनी विचारलं कुठल्या डेपोला होतात, बाबा म्हणाले वडाळा, आणि ते आजोबाही बेस्टचेच निघाले, ड्रायव्हर. मग मी बाजूला जाऊन बसले, दीड तास बाबांनी माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. आज सकाळी स्वतःहून चप्पल घालून तयार होते. दादरच्या दादांचं आठवून गार्डनचं टॉयलेट बघायला गेले तर कुलूप, वॉचमन म्हणाला किल्ली साहेबांकडे. याची तक्रार कुठे करू, पालिकेच्या आर साउथ वॉर्ड ऑफिसला जाऊ का?

सायली_घाटकोपर:
आधी पालिकेच्या १९१६ हेल्पलाइनवर नोंदवा, तक्रार नंबर लिहून घ्या, मग तो घेऊन वॉर्ड ऑफिसला जा. अर्जावर त्या आठ-दहा जणांच्या सह्या घ्या, बाबांनाच गोळा करायला सांगा.