परिक्रमेची सॅक १३.८ किलो झाली, काय काढू?

अंबाझरीवाला

नमस्कार मंडळी. प्रबोधिनी एकादशी झाली की ओंकारेश्वरहून नर्मदा परिक्रमा उचलतो आहे, पूर्ण पायी. दक्षिण तटाने समुद्राकडे, तिथून उत्तर तटाने अमरकंटक आणि परत. रोज साधारण २० किमी धरले आहेत. माझं वजन ६२ किलो. सामान जमवून राहिलो आहे, पण काट्यावर ठेवलं तर डोळे पांढरे झाले:

सॅक ६५ लिटर २.३, दोन माणसांचा तंबू २.४, स्लीपिंग बॅग (पिशवीवर उणे ५ लिहिलंय) १.८, हवेची गादी ०.५५, कपडे चार जोड २.६, गॅस स्टोव्ह आणि भांडी ०.९, वीस हजार एमएएचची पॉवर बँक ०.४५, औषधं आणि किरकोळ ०.८, पाणी २ लिटर म्हणजे २ किलो. एकूण १३.८. पायात घोट्यापर्यंतचे चामडी बूट, जोडीचं वजन १.३ किलो, ते वेगळे.

सॅक आणि बॅग अजून परत करता येतात, बिल आहे. काय ठेवू, काय काढू? आणि घेतलेली वस्तू टिकेल की नाही हे इथे नागपुरातच कसं तपासायचं?

पायदळ_वारी

भाऊ, आधी एक गोष्ट. सॅक सगळ्यात शेवटी घ्यायची असते. मोठी सॅक आधी घेतली की ती भरेपर्यंत माणसाला चैन पडत नाही. ती परत करा. सामान ठरवा, मग त्या ढिगाला पुरेल तेवढी सॅक घ्या. तुमच्या मार्गाला ४०–४५ लिटर रग्गड.

तंबू काढा. परिक्रमेच्या वाटेवर आश्रम, धर्मशाळा, देवळाची ओसरी, शाळेचा व्हरांडा असं काही ना काही मिळतं. अडीच किलो वाहून त्यातल्या चार-दोन रात्री वाचवायच्या, हा हिशेब बसत नाही. त्याऐवजी एका दोरीवर टांगायची एकट्याची मच्छरदाणी घ्या, पाव किलोची. ती मात्र चैन समजू नका. मंडला-डिंडोरी पट्टा मलेरियाचा आहे, निघण्याआधी डॉक्टरांशीही बोलून घ्या.

स्टोव्हपण काढा. गॅसचं नळकांडं रेल्वेत नेऊ देत नाहीत आणि संपलं तर तटावरच्या गावात मिळणार नाही. सदावर्तात (परिक्रमावासींना फुकट शिधा देतात तिथे) कोरडा शिधा मिळाला तर चूल तिथेच असते. लिटरभराचं अॅल्युमिनियमचं पातेलं, एक मग, चमचा, झालं. पाव किलोत बसतं.

आता स्लीपिंग बॅग. इथेच लोक फसतात. पिशवीवर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा बहुतेक वेळा "एक्स्ट्रीम" असतो, म्हणजे जीव जाणार नाही एवढीच हमी. त्या आकड्याला झोप लागत नाही. आत शिवलेल्या लेबलवर तीन आकडे शोधा: कम्फर्ट, लिमिट, एक्स्ट्रीम. चाचणीचं मानक आयएसओ २३५३७, जुन्या मालावर ईएन १३५३७ असेल. घ्यायचा तो कम्फर्टचा आकडा, म्हणजे ज्या तापमानाला निवांत झोप लागते तो. लेबलवर एकच आकडा असेल आणि मानकाचा पत्ताच नसेल, तर तो आकडा दुकानदाराच्या मनातला समजा.

तुम्हाला किती लागेल? अमरकंटक समुद्रसपाटीपासून हजार मीटरवर आहे, तिथली थंडी कडक, म्हणून सगळे जाडजूड बॅग घेतात. पण तुमचं वेळापत्रक बघा ना. ओंकारेश्वरहून नोव्हेंबरात निघाल तर कडाक्याच्या दिवसांत तुम्ही निमाड, शूलपाणीची झाडी (नर्मदाकाठचं जंगल) आणि गुजरातेत असाल. अमरकंटक येईपर्यंत होळी आलेली असेल. म्हणजे रात्रीचे १० अंश, फार तर त्याच्या थोडं खाली. कम्फर्ट ८ ते १० ची, किलोभराची बॅग पुरे. जास्त गारठा पडलाच तर अंगात स्वेटर आणि कानटोपी. अमरकंटकहूनच उचलणार असता तर गोष्ट वेगळी होती, मग कम्फर्ट ३–५ ची लागली असती.

पिसांची की कृत्रिम भरावाची? पिसांची हलकी, पण ओलीला भिते. पिसं ओलावली की गोळा होतात, फुगत नाहीत, आणि फुगण्यातच तर ऊब असते. नदीकाठी पहाटे दव असं पडतं की पांघरुणावर हात फिरवला तर ओला होतो. म्हणून इथे कृत्रिम भराव बरा, दोनतीनशे ग्रॅम जास्त गेले तरी. कोणतीही घ्या, घरी कोंबून ठेवू नका. उशीच्या मोठ्या अभ्र्यात सैल ठेवा, नाहीतर निघण्याआधीच भराव बसतो.

हवेच्या गादीबद्दल एकच शब्द: बाभूळ. बंद पेशींच्या फोमची मॅट घ्या, चारशे ग्रॅमची. काटा रुतला तरी तिचं काही बिघडत नाही, वाटेत दुपारी टेकायलाही कामी येते. थंडी जमिनीतून वर येते हे विसरू नका. मॅट पातळ असेल तर वरची बॅग कितीही भारी असो, पाठ गारच राहणार.

वैनगंगा

तुमच्या यादीत सगळ्यात कमी लिहिलंय ते बुटांबद्दल, आणि सगळ्यात जास्त पैसे तिथेच जायला हवेत. नर्मदा १३१२ किमीची, दोन्ही तट धरले की २६०० च्या वर. चालायच्या बुटाचा फोमचा मधला थर साधारण ५०० ते ८०० किमीत बसतो. वरून बूट नवा दिसतो, खालून मेलेला असतो. ओळखायचं असं: बाजूने फोमवर आडव्या बारीक सुरकुत्या पडल्या असतील आणि अंगठ्याने दाबून तो परत उसळत नसेल, तर संपला. त्यानंतर टाच आणि गुडघे बोलायला लागतात.

म्हणजे चार जोड धरा. पण चार वाहायचे नाहीत. पहिला ओंकारेश्वर ते भरूच. भरूच मोठं शहर, तुम्ही समुद्राशी नावेने उत्तर तटावर आलात की लागतंच, दुसरा तिथे. तिसरा बुधनीला. इथे एक गोम आहे. नागपूरहून घरचे लोक रेल्वेने नर्मदापुरमला सहज येतील, पण ते दक्षिण तटावर आणि तेव्हा तुम्ही उत्तर तटावर. परिक्रमेत नर्मदा ओलांडायची नसते, म्हणून तुम्हाला पूल ओलांडता येत नाही, त्यांना येतो. म्हणून भेट बुधनीला ठरवा. चौथा अमरकंटकला, पेंड्रा रोड स्टेशनवर उतरून कोणी आणून देईल तर. एकाच मॉडेलचे दोन जोड आज घेऊन ठेवलेत तरी चालेल, पण उन्हातल्या गाडीच्या डिक्कीत किंवा माळ्यावर पत्र्याखाली नको. आपल्याकडच्या उन्हात गोंद सुटतो.

याच कारणाने कपाटातले पाचसहा वर्षं जुने, "एकदाच घातलेले" बूट कोणी देऊ केले तर घेऊ नका. पॉलियुरेथेनचा मधला थर हवेतल्या ओलाव्याने आतून कुजतो आणि दुसऱ्याच दिवशी बिस्किटासारखा भुगा होऊन सोल हातात येतो.

चामडी घोट्याचे बूट मला पटत नाहीत. वाट बरीचशी गाडरस्ता, शेताचा बांध, डांबर. चामडं ओलं झालं की दोन दिवस वाळत नाही. जाळीचे, पातळ सोल नसलेले ट्रेल शूज घ्या, पाणी शिरलं तर चालता चालता निघून जातं. "वॉटरप्रूफ" पडद्याचेही नकोत, वरून घोट्यातून शिरलेलं पाणी आतच मुक्काम करतं.

घ्यायला संध्याकाळी जा, पाय सुजलेले असताना. चालायचे मोजे घालूनच माप द्या. सोलवरची आतली गादी बाहेर काढून तिच्यावर उभं राहा. पाय कडेने बाहेर येत असेल तर बूट अरुंद, मग दुकानदार "सैल होतील हो" म्हणाला तरी नाही. अंगठ्यापुढे आडवं बोट मावेल एवढी जागा हवी. मग बूट हातात घेऊन ओल्या फडक्यासारखा पिळून पाहा: थोडा पिळला गेला तर ठीक, दोरीसारखा वळला तर नको. वाकला पाहिजे तो बोटांच्या चवड्याशी, मध्यातून नाही.

मोजे सुती नकोत. सुती मोजा घाम धरतो, ओली कातडी मऊ पडते आणि घासली की फोड. लोकर-नायलॉनचे तीन जोड, त्यातला एक फक्त झोपताना. पायात कुठे गरम लागलं की तिथल्या तिथे थांबून मायक्रोपोर टेप. "पुढच्या गावात बघू" म्हणालात की पुढच्या गावात फोड बघाल.

सुईदोरा

सॅकचं मी सांगतो. माप लिटरमध्ये नंतर, आधी पाठीचं. मान खाली घाला, मानेच्या मुळाशी जे हाड टचकन वर येतं तिथून टेप सोडा. दोन्ही हात कमरेच्या हाडांवर ठेवा, अंगठे मागे. दोन अंगठ्यांना जोडणारी रेघ येते तिथपर्यंतचं अंतर म्हणजे तुमची पाठ. उंच माणसाची पाठ लांब असतेच असं नाही, म्हणून उंचीवरून सॅक घेऊ नका.

दुकानात रिकामी सॅक घालून आरशात बघण्यात अर्थ नाही. लिटरच्या सात बाटल्या भरून न्या, सात किलो झाले. सगळे पट्टे सैल करा. आधी कमरपट्टा, त्याचा मध्य कमरेच्या हाडावर, घट्ट. मग खांद्याचे पट्टे, मग खांद्यावरून सॅककडे जाणारे छोटे पट्टे, शेवटी छातीचा. बहुतेक वजन कमरेवर गेलं पाहिजे. खांद्याच्या पट्ट्याखाली दोन बोटं सहज सरकत नसतील तर वजन खांद्यावर आहे. कमरपट्टा पोटावर चढत असेल तर सॅक पाठीला आखूड, खांद्यामागे पोकळी राहत असेल तर लांब. वीस मिनिटं फिरा, जिना चढा-उतरा. दुकानदार कंटाळला तर कंटाळू द्या.

मग सॅक उलटी करून आतले टाके बघा. खांद्याचा पट्टा पाठीला जिथे जोडलाय तिथे दाट आडवी-तिडवी शिलाई हवी. एकच सरळ रेघ असेल तर ती पहिल्या महिन्यात उसवणार. तशी निघाली तर मोच्याकडून मेणाच्या नायलॉन दोऱ्याने आधीच मारून घ्या. (हेच बुटाला करायला जाऊ नका. फोमच्या सोलला शिलाई मारली की दोराच फोम कापत जातो.) चेन बंद करून मागून उघडत असेल तर दात नाही, रनर झिजलेला असतो. पकडीने रनरच्या दोन्ही बाजू हळूच दाबल्या की बरेच दिवस चालतं. जोराने दाबला तर तुटतो. जादाचं एक कमरेचं बकल, सुई आणि तो दोरा सोबत ठेवा, पन्नास ग्रॅम होत नाहीत.

रेनकव्हरवर भरवसा नको, पाठीकडची बाजू उघडीच राहते आणि पाणी मानेवरून आत उतरतं. इतवारीतून जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घ्या, सॅकच्या आत लावा, तोंड पिळून दुमडा. बाथरूममध्ये आत वर्तमानपत्र ठेवून शॉवरखाली दहा मिनिटं धरा. कागद सांगेल काय ते.

अंबाझरीवाला

वा, डोळे उघडले. सॅक आणि बॅग दोन्ही परत करतो. तीन गोष्टी राहिल्या: पाणी दोन लिटर कमी करू का, पॉवर बँक वीस हजारच ठेवू का, आणि काठी साधी घेऊ की दुकानातली?

पायदळ_वारी

पाणी एक लिटर भरलेलं, दुसरी बाटली रिकामी. झाडीत शिरताना आणि मार्चनंतर दोन्ही भरा. बारीक नळ्यांचा फिल्टर जिवाणू अडवतो, विषाणू नाही. म्हणून सोबत क्लोरीनच्या गोळ्या हव्यात. गढूळ पाणी आधी चौपदरी फडक्यातून गाळा, मग गोळी, मग अर्धा तास कळ काढा. गढुळात क्लोरीन वाया जातं.

पॉवर बँक दहा हजारची. तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टचा, म्हणजे ३७ वॅट-तास. वाटेतली गळती जाऊन ३१ उरले, पाच हजार एमएएच बॅटरीच्या मोबाइलला १९ लागतात. दीड चार्ज झाला. रोज कुठेतरी प्लग मिळतो, तेवढं बास.

काठी बांबूची. पेरं भरीव बघून घ्या, खाली लोखंडी टोपी ठोका. दुकानातलीच हवी असेल तर खटक्याची, पिळून घट्ट होणाऱ्या काठीत धूळ गेली की ती सरकते, तीही नेमकी उतारावर. उंची अशी की मूठ धरल्यावर कोपर काटकोनात.

एवढं करून हिशेब: सॅक १.२, बॅग १, मॅट ०.४, मच्छरदाणी ०.२५, दोन जोड कपडे आणि स्वेटर १.४, भांडी ०.२५, पॉवर बँक ०.२२, पोंचो (सॅकसकट अंगावर घ्यायचा रेनकोट) ०.३, डोक्याची बॅटरी ०.०८, औषधं-किरकोळ ०.६, पाणी १. झाले ६.७.

वैनगंगा

आणि हे सगळं पाठीवर घेऊन आधी कोराडीला जाऊन या, येऊन-जाऊन साधारण ३० किमी. मग आठवड्याने दोन दिवसांत रामटेक. मनसरपर्यंत हायवेला ट्रक फार, पहाटे निघा, उजव्या कडेने चाला, सॅकवर चमकणारी पट्टी लावा. दुसऱ्या दिवशी सकाळी बूट घालताना कुठे दुखतंय ते लिहून ठेवा, पहिल्या दिवसाचं काही कळत नाही. बूट बदलायचे तर तेव्हाच कळेल, म्हणून ही चाल निघण्याच्या तीन आठवडे आधी.

बॅगेची ऊब मात्र ऑक्टोबरात नागपूरच्या गच्चीवर कळायची नाही. फक्त चेन अडकते का आणि कूस बदलता येते का, तेवढं बघा.

अंबाझरीवाला

येत्या रविवारी कोराडी. सात बाटल्या भरूनच निघतो.