उन्हाळ्यात लागणारे नाकारलेले पायलट

पायलट म्हणजे मालिका घ्यावी की नाही हे ठरवण्यासाठी बनवलेला नमुन्याचा पहिला भाग. असे नाकारलेले पायलट भाग अमेरिकी दूरचित्रवाणी वाहिन्यांनी प्रेक्षकांना दाखवलेच कशाला, असा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर कलेपेक्षा हिशेबात अधिक सापडते. अमेरिकेत मालिकांचा हंगाम शरद ऋतूत सुरू होऊन वसंतात संपत असे आणि उन्हाळ्यात प्रेक्षक घटत असल्याने नव्या भागांवर खर्च करण्यास वाहिन्या सहसा राजी नसत. पायलटवरचा पैसा मात्र आधीच खर्च झालेला असे. तो भाग कपाटात पडून राहण्यापेक्षा एकदा प्रसारित झाला, तर जाहिरातींतून थोडेफार वसूल तरी होई. सीबीएस या अमेरिकी वाहिनीची, नाकारलेले पायलट दाखवणारी 'व्हेकेशन प्लेहाउस' (१९६३ ते १९६७) ही मालिका याच जातीची. पहिल्या उन्हाळ्यात ती 'द लूसी शो' या विनोदी मालिकेच्या सोमवारच्या वेळेत लागे.

मला अधिक गमतीची वाटते ती त्याच वाहिनीची १९८७ची 'समर प्लेहाउस'. टिम रीड आणि डॅफ्ने मॅक्सवेल रीड हे अभिनेते दांपत्य सूत्रसंचालन करी आणि पायलटची मालिका व्हावी की नाही, हे प्रेक्षकांनी दूरध्वनीवरून कळवावे, असे आवाहन केले जाई. वाहिनीने नकार दिल्यावर हा कौल मागणे म्हणजे लग्न मोडल्यावर पाहुण्यांना मुलगी पसंत आहे का, असे विचारण्यासारखेच होते.

या प्रकाराची खरी अडचण मात्र रचनेतच होती. विनोदी मालिका रंगते ती पात्रांच्या सवयी अंगवळणी पडल्यावर. इथे दर आठवड्याला नवे कुटुंब ओळख करून देई आणि पुन्हा कधीच भेटत नसे.